बुबूचं निम्मं पोरगं

रोज सकाळी अकराच्या सुमाराला जैबुनबुबू आमच्या पोलीस ठाण्यात यायची. काखेत गुंडाळलेली चटई, कमरेला पानाची चंची आणि हातात सुपारी कातरायचा अडकित्ता. तक्रारदारांसाठी ठेवलेल्या बाकाकडे ती ढुंकूनही बघायची नाही. "बाकावर बसलं की कुणीबी आरोपीच दिसतंय," म्हणायची आणि 'मी आपली काय मदत करू शकतो?' या पाटीच्या बरोबर खाली चटई टाकून मांडी घालून बसायची. बसायच्या आधी ती पाटी मोठ्यांदा वाचायची. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचन खणखणीत. मग ठाणे अंमलदार मान वर न करता विचारायचा, "काय काम हाय मावशी?"

"निम्मं पोरगं ऱ्हायलंय हितं. न्यायला आलोय."

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणीतरी शिकवून पाठवलंय. आठवडा उलटल्यावर आम्ही पावणेअकरालाच गस्तीला बाहेर पडायला लागलो. त्यातही सगळ्यात लांबची गस्त मी मागून घ्यायचो. कारण ती ज्या पोराबद्दल बोलत होती, त्याला धरून आणणारा मीच होतो.

मी म्हणजे हवालदार चौगुले. आता निवृत्त. निम्मी हयात पंचनामे लिहिण्यात गेल्यामुळे लिहायची सवय आहे, पण मधेच एखादा 'सदर इसम' हातून उतरला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. ठाण्याचं नाव सांगत नाही. कोल्हापूर, एवढं पुरे.

झालं होतं ते असं. एका रविवारी दुपारी बुबूच्या गल्लीच्या तोंडाशी दोन टोळक्यांत दगडफेक झाली. कारण म्हणजे कुणाच्या तरी फोनवरचं कसलंसं चित्र. एका दुकानदाराचं डोकं फुटलं. आम्हाला वरून हुकूम आला, संध्याकाळच्या आत माणसं धरा. आता दगड मारणारे पळून गेलेले, आणि गल्ली मुसलमानांची. मग आम्ही जे नेहमी करतो तेच केलं, गल्लीत घुसलो. युसुफच्या दाराला मी लाथ घातली. आत चाळिशीचा एक माणूस दमून भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून बाहीपर्यंत लाल डाग. मला वाटलं, चौगुले, नशीब काढलंस.

"साहेब, गुलाल हाय तो," युसुफ म्हणाला. "जोतिबाचा. आत्ताच फेरी करून आलोय."

"तू आनि जोतिबा?" असं मी म्हणालो, त्याचा हात पाठीमागं पिरगाळला आणि त्याला गल्लीतून चालवत गाडीपर्यंत नेलं. पंचनाम्यात लिहिलं, 'अंगातील शर्टावर रक्तासारखे डाग मिळून आले.'

युसुफची जोतिबाच्या डोंगरावर जाणारी जीप होती. आमच्याकडं अशा माणसं भरून नेणाऱ्या गाडीला वडाप म्हणतात. दर रविवारी तो कोल्हापुरातून भाविक घेऊन वर जायचा आणि गुलालानं माखलेले भाविक घेऊन खाली यायचा. बापाच्या वेळेपासूनचा हा धंदा. त्या दिवशी दगडफेक चालू होती तेव्हा तो डोंगरावर एका नारळवाल्याकडं चहा पीत बसला होता. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही एका दुकानाच्या कॅमेऱ्यात खरे दगड मारणारे दिसल्यावर. युसुफला आम्ही सोडून दिलं. माझ्या हिशेबी विषय संपला.

पण त्याला गाडीत कोंबतानाचा फोटो तोवर गावभर फोनमधून फिरला होता. लाल शर्ट, वाकवलेली मान आणि मागं छाती काढून मी. रविवारी युसुफ जीप घेऊन थांब्यावर उभा राहिला तर माणसं त्याच्याकडं बघून पुढच्या गाडीत बसायला लागली. दोन रविवार त्यानं रिकामी जीप परत आणली. तिसऱ्या रविवारी जीपवर ताडपत्री टाकली आणि घरात बसला. बोलायचा बंद झाला, हसायचा बंद झाला. जेवायला वाढलं तर जेवायचा, एवढंच. बुबू ज्या निम्म्या पोराबद्दल बोलत होती, ते हे. युसुफ तिचा एकुलता एक.

बुबू म्हणजे थोरली बहीण. गल्लीतले मुसलमान तिला बुबू म्हणायचे, म्हणून पलीकडच्या आळीतले मराठेही म्हणायचे, आणि महिन्याभरात आमचं सगळं ठाणं म्हणायला लागलं. कारण ती नुसती बसून राहायची नाही. एकदा एक नवरा-बायको एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायला आले. अंमलदार जेवायला गेला होता. बुबूनं दोघांना चटईवर बसवून घेतलं, अडकित्ता बायकोच्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "तिच्या हातात हे हाय तंवर तू गप. तिनं तुला दिलं की ती गप." अंमलदार परत आला तेव्हा ते दोघं एकाच स्कूटरवरून घरी चालले होते. "तुमचा एक अर्ज वाचवला," बुबू त्याला म्हणाली. "आता माझं पोरगं द्या."

आम्हा पोलिसांना तिनं पाठ करून ठेवलं होतं. कोण कुणावर ओरडतो, कोण गरिबाला 'ए' म्हणतो आणि गाडीतून उतरणाऱ्याला 'या की साहेब' म्हणतो. ती ते ओरडून सांगायची नाही. फक्त सुपारी कातरता कातरता आपल्याशीच बोलल्यासारखं करायची. "आज तिघांना 'ए', दोघांना 'साहेब'. काल बरं हुतं." दुसऱ्या दिवशी 'ए' निम्म्यावर यायचे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, मी स्वतः 'या बसा' म्हणायला त्याच काळात शिकलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर.

अशात आमच्याकडं नव्या निरीक्षक मॅडम आल्या. त्यांनी जुनी प्रकरणं काढून बघायला सुरुवात केली आणि शर्टाचा तपासणी अहवाल त्यांच्या हाती लागला. 'रक्त आढळून आले नाही.' मॅडमनी मुद्देमालातून शर्टाचं गाठोडं मागवलं. ते सोडल्याबरोबर गुलाल उडाला, मॅडमना सलग चार शिंका आल्या आणि सगळ्या खोलीत जोतिबाच्या देवळातला वास पसरला.

"हा शर्ट कुणी जप्त केला?"

"मी, मॅडम."

"वास नाही आला?"

दरवर्षी मी स्वतः जोतिबाला जातो. माझं कुलदैवत आहे ते. माझी सासुरवाडी कोडोलीची, घराच्या परड्यातून डोंगर दिसतो. गुलालाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. पण त्या दिवशी मी घेतलाच नव्हता. त्याची गरजच वाटली नव्हती.

शर्ट परत द्यायला मॅडमनी बुबूला आत बोलावलं. बुबूनं तो उलगडून उजेडात धरला. "एवढं दिवस ठेवलासा, धुतलाबी न्हाईसा?" म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "एक सांग हवालदार. लांबनं दगड मारणाऱ्याच्या अंगावर रक्त उडतंय कसं?"

हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटतं त्या हसत होत्या.

मॅडम कुठल्यातरी प्रशिक्षणात एक पद्धत शिकून आल्या होत्या. ज्यानं इजा केली आणि ज्याला झाली, त्या दोघांना समोरासमोर बसवायचं. कोर्ट नाही, शिक्षा नाही. काय घडलं, तेव्हा मनात काय होतं आणि आता काय केलं म्हणजे बिघडलेलं नीट होईल, असे तीन प्रश्न विचारायचे. पोलीस आणि त्या गल्लीतल्या माणसांनी असंच बसावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी बुबूला विचारलं, शांतता समितीच्या बैठकीसारखं हॉलमध्ये घ्यायचं का?

बुबूनं हात जोडले. "ती कमिटी नको बाई. तितं दर वर्साला तीच चार माणसं पांढरी कापडं घालून येत्यात, बिस्किटं खात्यात, फोटू काढत्यात आनि जात्यात. दगड मारणारा तितं नसतोय, दगड खाणाराबी नसतोय. माझ्या दारात बसू. माझ्या चटईवर."

मग तिनं अटी घातल्या. टोप्या काढून यायचं. खुर्ची कुणालाही नाही, मॅडमनाही नाही. ज्यानं दार मोडलं त्यानं यायचंच. आणि शेवटची अट तिनं माझ्याकडं बघून घातली. "त्यानं बायकोला घिऊन यायचं."

"बायको कशाला?" मी म्हणालो. "तिचा काय संबंध?"

"बायकोपुढं गडी खोटं जरा कमी बोलतोय," बुबू म्हणाली.

माझ्या बायकोचं नाव शालन. मी तिला घरी सांगितलं, "एक बैठक आहे, चहाफराळ आहे, चल." तिनं नवं लुगडं नेसलं. बिचारीला वाटलं, माझा सत्कार आहे.

संध्याकाळी पाचला बुबूच्या दारात आम्ही गोल करून बसलो. मॅडम, मी, त्या दिवशी माझ्याबरोबर असलेले दोन शिपाई, शालन, गल्लीतली आणि पलीकडच्या आळीतली सातआठ माणसं आणि भिंतीला टेकून युसुफ. शांतता समितीचे एक कायमचे सभासद न बोलावता आले होते. त्यांनी घसा खाकरून 'आजच्या या प्रसंगी' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा बुबूनं अडकित्ता वर करून दाखवला. "हे ज्याच्या हातात त्योच बोलंल. मधी कोन बोललं तर सुपारीऐवजी जीभ धरीन." सभासद बसले ते शेवटपर्यंत बसले. शहराच्या इतिहासात ते एवढा वेळ गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही.

अडकित्ता पहिल्यांदा माझ्याकडं आला. मी उभा राहिलो. बुबूनं खूण करून बसवलं. मी सुरुवात केली, "दिनांक सदर रोजी बातमीदारामार्फत माहिती मिळाल्यावरून सदर इसमाच्या राहत्या घरी..."

"सदर इसम कोन?" बुबूनं स्वतःचाच नियम मोडला. "त्याला नाव हाय. बारशाला मी पेढे वाटलेत."

मी पुन्हा सुरू केलं. "आरोपी युसुफ..."

"आरोपी?"

तिसऱ्यांदा सुरू करायच्या आधी मी शालनकडं बघितलं. ती नव्या लुगड्यात ताठ बसली होती आणि तिला आता कळलं होतं की हा सत्कार नाही. मग मी पंचनामा सोडून दिला. "युसुफच्या दाराला मी लाथ मारली," मी म्हणालो. "दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. हातानं ढकललं असतं तरी उघडलं असतं. तो म्हणाला, जोतिबाचा गुलाल आहे. मी म्हणालो, तू आनि जोतिबा? आणि त्याला धरून नेलं. वास घेतला नाही. तो मुसलमान आहे म्हणून घेतला नाही. दुसरा कुणी असता तर घेतला असता."

हे वाक्य तोपर्यंत मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शालननं माझ्या हातातून अडकित्ता काढून घेतला. "सव्वीस वर्सं मी यांची कापडं धुतोय," ती म्हणाली. "दर चैत्राला असाच शर्ट घिऊन येत्यात. गुलाल गार पाण्यात जात न्हाय, ऊन पाण्यात जात न्हाय, कशात जात न्हाय. रक्त आनि गुलाल यातला फरक कुनाला कळत नसंल तर पोलिसांनी बायकांना इचारायचं हुतं की." आणि मग युसुफकडं बघून एकदम रडायला लागली. "भाऊ, आमी डोंगराच्या पायथ्याची माणसं. आमच्या देवाच्या नावानं तुमास्नी मारलं ओ." बुबू उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. माझ्याकडं कुणी बघेना.

शेवटी अडकित्ता युसुफकडं गेला. तो त्यानं हातात घेतला, उघडला, मिटला. "मला काय सांगायचं न्हाय," म्हणाला आणि आईकडं परत दिला.

मी हात जोडून माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण ती मान कुणीही कुणालाही हलवतं तशी होती. मॅडमनी तिसरा प्रश्न वाचला, आता काय केलं म्हणजे नीट होईल? बुबू जणू याचीच वाट बघत होती. "पाच रविवार," ती म्हणाली. "युसुफ जीप काढंल. ह्यो हवालदार थांब्यावर हुबा ऱ्हाऊन पाशिंजर बोलवंल. आनि पुढं युसुफच्या शेजारी बसून डोंगरावर जाईल. ज्यानं फोटूत माझ्या पोराचं नाव घालवलं, त्यानंच ते परत आणायचं."

मॅडम म्हणाल्या, गणवेशात हे चालायचं नाही. साध्या कपड्यात, रजेच्या दिवशी, आणि दोघांना कबूल असेल तर. मी काही बोलायच्या आत शालन म्हणाली, "कबूल हाय." युसुफनं फक्त खांदा उडवला, एकच, उजवा. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

उठता उठता बुबूनं मला थांबवलं. "चौगुल्या," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी हवालदारचा चौगुल्या झालो. "सगळं बोललास. पण एक सवाल ऱ्हायला तुझा."

"कुठला?"

"मी कशाला सांगू? तुझा तुला सापडंल."

पहिल्या रविवारी मी थांब्यावर उभा राहून ओरडलो, "जोतिबाऽ जोतिबाऽ चला पावणं, जोतिबा!" आयुष्यभर या थांब्यावरून मी वडापवाल्यांना हाकललं होतं. माझा आवाज ऐकल्याबरोबर तिथल्या चार गाड्या सुरू होऊन निघून गेल्या आणि पाठोपाठ भाविकही पांगले. सगळ्यांना वाटलं, धाड पडली. एक आजीबाई तेवढ्या जीपमध्ये चढल्या होत्या, त्या मला बघून म्हणाल्या, "मी काय केलं न्हाय ओ साहेब," आणि उतरल्या. मी आणि युसुफ दोघंच डोंगरावर गेलो आणि दोघंच परत आलो. युसुफ एक शब्द बोलला नाही. मी मात्र त्याचं गाडी चालवणं बघत होतो. डाव्या हातानं गिअर टाकताना तो अख्खा कमरेतून वाकायचा. मी म्हणालो, "काय रं, म्हैस ढकलल्यागत गिअर टाकतोस?" त्यानं पुढचा गिअरही तसाच वाकून टाकला.

दुसऱ्या रविवारी शालननं सूत्रं आपल्या हाती घेतली. आमच्या आळीतल्या आठ बायका, नारळांच्या पिशव्या, खोबरं-गुलालाच्या पुड्या असं सगळं जीपमध्ये भरलं. भरलेली गाडी बघितल्यावर माणसं आपोआप येतात, हे तिला कळलं आणि मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मलकापूरकडचे एक शेतकरी पाठीमागून माझ्या कानाशी लागले. "पावणं, ह्यो डायवर त्योच न्हवं का? फोनवरचा?"

युसुफचे डोळे आरशात होते. मी मागं वळलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "व्हय. ह्यो त्योच. आनि फोटूत मागं छाती काढून हुबा हाय त्यो मी. गुलालाला रक्त समजून ह्याला धरला."

"गुलालाला?" पावणं म्हणाले.

"गुलालाला."

ते डोंगर येईपर्यंत हसत होते. त्यांनी वर पोचल्यावर आपल्या दहा माणसांना सांगितलं. पुढच्या रविवारी माणसं ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकायला म्हणून युसुफच्या जीपमध्ये बसायला लागली. मीही मग रंगवून सांगायचो. पाचव्या रविवारी युसुफच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी घरी जाऊन शालनला सांगितलं, "हसला बघ." पाच रविवार संपले, पण माझं जाणं थांबलं नाही.

बुबूचं ठाण्यात येणं कमी झालं, पण सोमवार तिनं सोडला नाही. "किती आलंय पोरगं?" मी विचारायचो.

"पाऊण," ती म्हणायची. "पाव ऱ्हायलंय. सवाल सापडला का?"

मी काय काय विचारून बघितलं. "तुझी काय इच्छा आहे, असं विचारू का त्याला?" "इच्छा इचारायला तू काय देव हाईस?" "जेवलास का, असं?" "ते मी इचारतो की रोज." "मला माफ केलंस का?" तेव्हा मात्र ती अडकित्ता थांबवून माझ्याकडं बघत राहिली. "चौगुल्या, ते तुझं तुझ्यासाठी झालं. त्याच्यासाठी काय?" मी डोकं खाजवत गस्तीवर गेलो.

पुढच्या वर्षी पुन्हा एक अफवा उठली. या वेळी मॅडमनी पहिला फोन बुबूला केला. दोन शिपाई गल्लीत गेले, दार वाजवून बाहेर उभे राहिले. आतून बुबू म्हणाली, "थांबा, पदर घेतोय." दहा मिनिटं झाली. "थांबा, चष्मा शोधतोय." आणखी दहा मिनिटं. दार उघडल्यावर ती म्हणाली, "काय न्हाय रं, तुमास्नी दारात थांबायची सवय व्हाय पायजे म्हणून." मग तिनं स्वतः गल्लीतून फिरून अफवेचा उगम शोधून दिला. त्या दिवशी एकही दगड उचलला गेला नाही आणि कुणाच्या दाराला लाथ बसली नाही.

दोन वर्षांनी बुबूची छाती भरली आणि तिला दवाखान्यात ठेवलं. तो रविवार होता. पालखी होती, डोंगर गुलालानं लाल झाला होता. निरोप मिळाला तसे आम्ही खाली आलो ते थेट दवाखान्यात. युसुफ म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी गाडी लावतो." मी घामानं थबथबलेला, शर्टावर गुलाल भिजून काळपट लाल झालेला, तसाच वर गेलो.

वॉर्डाच्या दारात एक नवी नर्स होती. बोलण्यावरून विदर्भातली वाटली. मला बघून ती धावतच आली. "अहो काका! कुठं लागलं? बसा, बसा इथं. कुठं लागलं तुम्हाला?"

"न्हाय ओ सिस्टर, गुलाल हाय."

पलीकडच्या खाटेवरून खोकल्याचा आवाज आला. मला वाटलं, बुबूला ढास लागली. जवळ गेलो तर ती हसत होती. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क तिनं बाजूला केला. नर्स ओरडली, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही.

"सापडला की रं," ती म्हणाली.

"काय?"

"सवाल. तुझ्या शर्टावर दिसलं तर कुठं लागलं. माझ्या पोराच्या शर्टावर दिसलं तर कुनाला मारलास." तिला धाप लागली. थोडं थांबून म्हणाली, "जा. खाली हाय त्यो."

मी जिना उतरून खाली आलो. युसुफ जीपमध्येच बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी त्याच्या खिडकीशी गेलो. दोन वर्षं मी त्याच्या शेजारी, त्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर बसत होतो.

"युसुफ," मी म्हणालो, "त्या दिवशी कुठं लागलं रं तुला?"

त्यानं डावा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यानं जोर केला तसं तोंड वेडंवाकडं झालं.

"हितनं वर जात न्हाय," तो म्हणाला. "तुमी पिरगाळला तवापासनं. गिअर टाकताना म्हणून वाकतो मी. नमाजात दोन्ही हात कानापतुर न्यावं लागत्यात. दोन वर्सं एकच जातोय." आणि मग तो बोलायला लागला. कोठडीतलं, त्या रात्रीचं, रिकाम्या जीपचं, आईपासून लपवलेल्या दुखण्याचं, जे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. मधे एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्या हातात अडकित्ता नव्हता, म्हणून.

आम्ही दोघं वर गेलो. बुबूनं युसुफच्या तोंडाकडं पाहिलं. रडून त्याचे डोळे सुजले होते. तिनं त्याचा डावा खांदा चाचपला, मग माझ्याकडं बघितलं.

"आलं," ती म्हणाली. "आता नेतो घरला."

घरी ती स्वतः काही गेली नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यातच गेली. पुढच्या सोमवारी अकरा वाजता अंमलदारानं न राहवून पाटी मोठ्यांदा वाचली.

मी आता दर सोमवारी अकराला युसुफला आमच्या जुन्या तालमीतल्या वस्तादांकडं नेतो. उतरलेले खांदे चढवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. ते तेल लावून रगडतात, युसुफ शिव्या देतो, मी त्याचं डोकं धरून बसतो. दोन वर्षांचं दुखणं आहे, लगेच जाणार नाही असं वस्ताद म्हणतात. गेल्या आठवड्यात हात कानाच्या खाली चार बोटांपर्यंत पोचला. जीपमध्ये बसताना मी त्याला म्हणालो, "जवळजवळ झालंच की रं."

युसुफनं गिअर टाकला. थोडासाच वाकला.

"चार बोटं ऱ्हायलीत चौगुले," तो थेट आईच्या आवाजात म्हणाला. "दर सोमवारी न्यायला येणार."